देठबाईंची पारख

"बाई, हे काय आहे ते तुम्हीच सांगा," असं म्हणत मालकीणबाईंनी तीन कुंड्या निवडीच्या टेबलावर आदळल्या.

काठ्यांना धरून वेल चांगले कमरेएवढे चढले होते. पानं मात्र तळहाताएवढीच.

"हॉटेलवाल्यांनी परत पाठवलेत. म्हणतात, हातभर पानं होतील म्हणून दिलीत, आणि वर्ष सरत आलं तरी पान आपलं बाळाच्या मोज्याएवढं!"

देठबाई खाली मान घालून कुंड्यांकडे बघत राहिल्या. वेल एवढा वाढल्यावर आंधळ्यालाही कळलं असतं. प्रश्न रोपं लहान असतानाचा होता.

त्या रोपवाटिकेत फिलोडेंड्रॉन ह्या शोभेच्या वेलाच्या दोन जाती शेजारीशेजारी वाढत. एक मेलानो, दुसरी मायकॅन्स. लहानपणी अगदी जुळ्या बहिणी: तेच काळपट हिरवं मखमली पान, कोवळ्या पानाला तोच तांबूस रंग. मोठेपणी मात्र एकीचं पान हातभर लोंबतं, दुसरीचं तळहाताबाहेर जात नाही. लहानपणी फरक ओळखायचा तो देठावरून. मेलानोचा देठ खरखरीत, मायकॅन्सचा गुळगुळीत. बाई चिमटीत देठ धरायच्या आणि चाललेल्या गप्पा न थांबवता जात सांगून मोकळ्या व्हायच्या. म्हणून त्या देठबाई. खरं नाव आठवायला हजेरी घेणाऱ्यालाही डोकं खाजवावं लागे, आणि बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. आईबापांनी दिलेलं नाव फुकट मिळतं. हे कमावलेलं होतं.

पण बोटं बधिर होत चालली होती. साखरेनं नसा सुस्तावल्यात, असं डॉक्टर म्हणाले. घरी एकदा बाईंनी गॅसवरचं पातेलं उघड्या हातांनी उतरवलं, तेव्हा सून म्हणाली, "आई, हात आहेत की सांडशी?" बाईही हसल्या. हसण्यावारी नेलं की दुखणं निम्मं होतं, असा त्यांचा हिशेब.

कामावर हा हिशेब चालणार नव्हता. मग त्यांनी युक्ती काढली. कुणाचं लक्ष नाही असं बघून देठ खालच्या ओठावरून फिरवायचा. ओठ अजून शाबूत होता. एक दिवस चिमणीनं ते पाहिलंच. ही चिमणी पॅकिंगच्या टेबलावर बसायची. दोन लेकरांची आई, पण तोंड असं की खऱ्या चिमणीनं हार मानावी.

"अगं बाई! मावशी झाडांचे मुके घेतायत! घरी काकांच्या कानावर घालू का?"

सगळी शेड हसली. बाईंनी तोंडावर हात घेऊन लाजल्याचं सोंग केलं. झाडांचे मुके घेणारी म्हातारी परवडली. बोटं गेलेली देठबाई कुणाला परवडणार?

हॉटेलच्या रोपांचा ट्रे निवडायचा होता त्या सकाळी चिमणी नेमकी समोर बसली होती. तोंडाला खळ नाही. तिच्या डोळ्यांदेखत देठ ओठाकडे नेणार कसा? बाईंनी बोटांनीच चाचपलं. काही कळलं नाही. आणि नेहमीच्याच ठसक्यात त्यांनी सांगून टाकलं, "मेलानो. ही मेलानो. हीही मेलानो."

आता मालकीणबाई म्हणत होत्या, "बाईंचा हात चुकायचा नाही. ट्रे बाईंकडून गेला चिमणीकडे. घोळ कुठे झाला हे सांगायला ज्योतिषी नको."

"मालकीणबाई, माझ्या लेकरांची शपथ..."

"लेकरांना मध्ये आणू नकोस. संध्याकाळपर्यंत बाईंकडून ओळखायला शीक. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नकोस."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. देठबाईंच्या ह्या मुठीत मात्र दुसरीची भाकरी दाबली गेली होती, आणि मूठ काही उघडत नव्हती.

दुपारी दोघी टेबलापाशी बसल्या. चिमणी देठ चाचपून सांगायची, "खरखरीत." बाई स्वतःही चाचपल्यासारखं करायच्या आणि म्हणायच्या, "शाब्बास." "गुळगुळीत." "शाब्बास." पोरीची बोटं चांगली होती. तिचं काम टिकेल, कुणाचं काही बिघडणार नाही, अशी बाईंनी मनातल्या मनात बेरीज मांडली. बेरीज जुळत होती. तरी कानशिलं तापली होती.

"मावशी," चिमणी एकदम हळू बोलली. एवढ्या हळू बोलता येतं हे तिलाही ठाऊक नसावं. "शेवटची चार मी मुद्दाम उलटी सांगितली."

बाईंनी हातातलं रोप टेबलावर ठेवलं.

"तुम्ही शाब्बास म्हणालात." तिनं बाईंच्या ओठांकडे बघितलं. "मुके नव्हते ना ते?"

बाईंनी नुसती मान हलवली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण चिमणीनं मुकाट्यानं चार कुंड्या उचलल्या आणि ज्यांच्या त्यांच्या ट्रेमध्ये ठेवल्या.

उन्हं उतरताना मालकीणबाई आल्या. "काय, शिकली का?"

"शिकले," चिमणी खाली बघत म्हणाली. "मावशींनी शिकवलं."

"बघ, हात असा पाहिजे!" मालकीणबाईंनी देठबाईंचा हात धरून सगळ्यांना दाखवला.

"हात सोडा," देठबाई म्हणाल्या.

त्यांनी समोरचं एक रोप उचललं, डोळे मिटले आणि भर शेडमध्ये देठ खालच्या ओठावरून फिरवला. कुणी हसलं नाही.

"ही मेलानो," त्या म्हणाल्या. "बोटांना आता कळत नाही. हॉटेलचा ट्रे माझ्याच हातून बिघडला. हिचा काही संबंध नाही."

"अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि आज सकाळी?"

"सकाळी जास्त वाटली."

देठबाईंनी आपल्या स्टुलावरची गादी झटकली आणि ती चिमणीसाठी तिथेच ठेवली. मग त्या पॅकिंगच्या टेबलापाशी गेल्या, एक कुंडी रद्दीच्या कागदात गुंडाळली आणि सुतळी घेतली. मागून चिमणीचा आवाज आला, "खरखरीत." थोड्या वेळानं, "गुळगुळीत." तिला शाब्बास म्हणायला तिथे कुणी नव्हतं.

सुतळीची गाठ काही बोटांना सापडेना. बाईंनी एक टोक दातांत धरलं आणि गाठ ओढून घट्ट केली.