पांगाऱ्याच्या लाकडाचा वेताळ

मी एक जुना मुखवटा आहे, मित्रांनो; पण मला हातात घेताना जरा जपून घ्या, कारण मी पुरता रिकामा नाही.

नाशिकच्या पश्चिमेला, पेठकडच्या डोंगरात माझं गाव आहे. सहादू नावाच्या माणसानं मला पांगाऱ्याच्या लाकडातून कोरलं. मोठं कपाळ, बटबटीत डोळे, उघडा जबडा. डोळे नुसते रंगवलेले. मला चढवणारा माणूस माझ्या दातांमधून बाहेर बघतो. आमच्या गावात होळीनंतर बोहाडा होतो. संबळाच्या तालावर देवांची, राक्षसांची सोंगं नाचत येतात. एकेका सोंगाचा मान एकेका घराचा असतो. वेताळाचा मान पुंजाच्या घराचा, आणि वेताळ म्हणजे मी.

पुंजा मला चढवून नाचायचा, तेव्हा मोठी माणसंसुद्धा मागं सरकायची. आया आपली तान्ही पोरं त्याच्या पायांवर घालायच्या. वर्षानुवर्षं त्याचा घाम, तंबाखूचा वास आणि धापा माझ्या लाकडात मुरत गेल्या. नाचण्यासाठीच आपला जन्म झाला, असं मला तेव्हा वाटायचं. मग एका माघात पुंजा गेला. त्याला नेलं, त्या दिवशी खुंटीवर टांगलेला मी आतून ओला झालो होतो. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मान नातवाकडे, मनोजकडे आला. मनोज नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर काम करायचा. त्यानं मला चढवलं, संबळ कडाडला, आणि त्याचे पाय जमिनीला खिळले.

"वेताळाला झोप लागली का रं?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "चहा पाजा त्याला!"

हशा पिकला. मनोजनं मला उतरवलं तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

"आजी, आत आजा हाय," तो म्हणाला. "कानाशी धापा टाकतो."

नवसाबाई म्हणजे पुंजाची बायको. ती म्हणाली, "असंल. पण पुढच्या बोहाड्याला वेताळ नाचला नाय, तर गाव मान दुसऱ्या घरी देणार हाय. मंग आजाला कुठं ठेवशील?"

सराव करायचा म्हणून मनोजनं मला सातपूरच्या भाड्याच्या खोलीत नेलं. खोलीत त्याच्याबरोबर महेश राहायचा.

"याचं तोंड भिंतीकडं कर भाऊ," महेश म्हणायचा. "पाळी करून यावं तर हा दात काढून बघतो. सुपरवायझर घरी आल्यासारखं वाटतं."

सुट्टीच्या दिवशी मनोज मला चढवायचा आणि घुसमटून लगेच उतरवायचा. शेवटी त्यानं ठरवलं, सरावासाठी कागदाचा मुखवटा करायचा, ज्यात आजा नसेल. खळीत भिजवलेले कागद त्यानं थेट माझ्या चेहऱ्यावर चिकटवले. कागद सुटून यावा म्हणून आधी राख फासायची असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. वाळलेला कागद ओढला, तसा माझा डावा डोळा रंगासकट सोलून निघाला.

तो डोळा नुसता रंगाचा, तरी मला दुखलं. मनोज तो कागद हातात धरून बसून राहिला. मग बाजारातून रंग आणून त्यानं माझा डोळा पुन्हा काढायला घेतला. त्या दुपारी त्याचा हात जराही थरथरला नाही. जेवायचं राहिलं, तेही त्याला कळलं नाही. माझ्या आत गुदमरणारा पोरगा तो हाच का, असा मला प्रश्न पडला. पुढच्या वेळी त्यानं राख फासली. कागद अलगद सुटला. माझाच चेहरा माझ्यासमोर धरून मनोज हसला.

होळीआधी तो दोन्ही मुखवटे घेऊन गावी आला.

"आजी, मला नाचता येत नाय. येणारबी नाय. मयूरला नाचू दे. चुलत भाऊ असला तरी आपल्याच घरातला हाय. मी मुखवटे बनवतो."

"कागदाचा वेताळ? गाव हसंल."

"लाकडाचा होता तेव्हाबी हसलंच की."

नवसाबाईनं मला उचललं. आमच्याकडे बायका सोंगाचा मुखवटा चढवत नाहीत. तिनं दार लोटलं आणि आपला चेहरा माझ्या आत ठेवला. बराच वेळ ती हलली नाही. तिचा श्वास आत आला, आणि आधीपासून आत असलेला श्वास त्याच्या जोडीनं चालू लागला.

"हाय," ती म्हणाली. "लय दमलाय. ह्याला आता नाचवू नका."

त्या बोहाड्याला मयूरनं कागदाचा वेताळ असा नाचवला की पुढची माणसं पुन्हा मागं सरकली. मान घरातच राहिला. मनोजला आता आजूबाजूची गावं मुखवटे करायला सांगतात. कारखान्यातली पाळी सुटली की तो या कामाला बसतो. मी त्याचा साचा झालो आहे. माझे चेहरे मी न पाहिलेल्या गावांत नाचतात.

मित्रांनो, वाडवडिलांची जागा तुमच्या पायांना पेलली नाही, तर स्वतःला कमी समजू नका. तुमचे हात कुठं स्थिर होतात, ते शोधा. पण ज्याची जागा सोडाल, त्याला एकटं टाकू नका. घरातली जुनी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा आत डोकावून बघा. कोणी असेल.

माझ्यावर ओला कागद ठेवण्याआधी मनोज दर वेळी हळूच सांगतो, "आजा, गार लागंल हां."

मला गार लागत नाही. ज्याला लागतं तो शहारतो, आणि माझं लाकूड करकरतं.