नेवाडाचा नवस

अमेरिकेची २०२२ सालची निवडणूक बहरीनमध्ये, मनामाच्या माहूज भागातल्या एका गोदामात, काळ्या दगडापुढे निकालात निघाली असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. तो दगड कॉम्प्रेसरच्या ज्या खोक्यावर ठेवला होता ते खोकं मी या हातांनी पुसलेलं आहे. त्या गोदामाचा स्टोअरकीपर मीच.

आमची कंपनी एसी दुरुस्तीची. मालक दोन, ओहायोहून आलेले सख्खे भाऊ-बहीण. भाऊ कट्टर रिपब्लिकन. त्या पक्षाची निशाणी हत्ती, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना हत्तीसाहेब म्हणायचो. बहीण तेवढीच कट्टर डेमोक्रॅट. त्या पक्षाची निशाणी गाढव, त्यामुळे त्यांना मात्र पुढूनही आणि मागूनही मॅडमच.

दोघांच्या केबिन समोरासमोर. मधल्या हॉलला एसी एक आणि रिमोट दोन. साहेबांना गारठा लागायचा, मॅडमना ऊब. अमेरिकेत रोज नवा सर्व्हे यायचा आणि आमच्या हॉलचं हवामान त्यावर चालायचं. उन्हाळ्यात तिकडचे मतदार मॅडमकडे झुकले, तर मॅडमनी आनंदाच्या भरात पारा सव्वीसवर नेला आणि आम्ही विरघळत फाइली शोधत होतो. ऑक्टोबरात वारं फिरलं. 'लाट येणार, हत्तीची लाट येणार' असं टीव्हीवाले ओरडू लागले आणि साहेबांनी पारा सोळावर आणला. ॲरिझोनात त्यांचा माणूस दोन टक्के वर चढला त्या दिवशी माझ्या कपातला चहा गोठला. चमचा धरून मी तो कुल्फीसारखा चाटून संपवला. खोटं वाटत असेल तर चमचा अजून आहे माझ्याकडे.

या सगळ्यात पुरता भरडला गेला तो तुकाराम गुरव. आमचा ड्रायव्हर, माणूस मालवणकडचा. गावच्या देवळातली सेवा त्याच्या भाऊबंदांत वाटलेली आणि जत्रेची पाळी अकरा वर्षांनी एकदा यायची. ती त्या वर्षी आली होती. जत्रा वीस नोव्हेंबरला, विमान अठराचं, शुक्रवारचं. फक्त रजा हवी होती, आणि रजेच्या फॉर्मवर दोन्ही मालकांच्या सह्या लागायच्या.

जूनमध्ये मॅडमनी सही केली. साहेबांनी फॉर्म हातात घेतला, बहिणीची सही पाहिली आणि म्हणाले, "हिने केलीय? मग यात नक्की काहीतरी चुकलंय." फाडला. ऑक्टोबरात साहेबांनी केली, तो मॅडमनी फाडला. एकाची सही असलेला फॉर्म कोऱ्यापेक्षा वाईट.

"नानानू," तुकाराम माझ्या स्टूलवर बसून म्हणाला, "अकरा वर्सांनी माजी पाळी इली. अकरा! पुढच्या पाळयेक मी आसतलंय काय नाय, कोणाक ठावक?"

त्याचा चेहरा बघवेना. म्हणून मी, काय करणार, थोडा कामाला लागलो.

तुकारामाच्या खोलीवर गावाहून आणलेला एक काळा गुळगुळीत दगड होता. त्याला तो देव मानायचा आणि अडीनडीला कौल लावायचा: दगडावर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, देवाला प्रश्न विचारायचा, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी साहेबांच्या कानात सोडलं की या दगडाचा शब्द आजवर चुकलेला नाही. मॅडमच्या कानातही सोडलं. बहरीन गल्फ कप जिंकणार हे आधी कुणी सांगितलं होतं, असंही जाता जाता विचारलं. दोघांनीही मला वेड्यात काढलं, आणि दोघांनीही हळूच विचारलं, "कधी असतो तुका मोकळा?"

ऑफिस सांभाळणारी मैत्री ऐकत होती. चिपळूणकडची मुलगी, बाबासाहेबांचा फोटो टेबलावर, डोकं लखलखीत.

"नाना, मतं माणसं देतात. पाकळ्या नाही देत."

"बरोबर आहे बाई. मग रजा कुठून आणू?"

तिने पेन खाली ठेवलं. "तिकडे सभागृहं दोन आहेत ना? मी सगळे सर्व्हे बघते, मला या हॉलमध्ये जगायचंय. खालचं, म्हणजे हाऊस, साहेबांकडे जाईल असं दिसतंय. वरचं, सिनेट, मॅडमकडे राहू शकतं. तुमच्या देवाला पूर्ण निवडणूक विचारूच नका. ज्याचं त्याला विचारा."

मी तिच्या पाया पडायचाच बाकी राहिलो.

मतदानाच्या आदल्या दिवशी, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत साहेब गोदामात आले. मी आधीच एसीची झडप अशी वळवून ठेवली होती की वारा फक्त डाव्या अंगाला लागावा, म्हणजे बिचारी उजवी पाकळीच... नाही, उलटं. उजव्या अंगाला. असो, तुकारामाने वर पाहिलं.

"एसी बंद करा, नानानू. देवाक वारो लागता."

"अरे, तुझ्याच भल्यासाठी..."

"देवाक फसवूचा नाय. खरा विचारूया, तो खरा सांगतलो."

बंद केला. पाच मिनिटांत गोदामाची भट्टी झाली. तुकारामाने हात जोडले आणि आवाज लावला, "बा देवा महाराजा! आज ह्या तुजा लेकरू, ओहायो गावचा, तुज्या पायाकडे इला हा रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" दहा मेकॅनिक आणि मी.

"व्हय मराजा!" साहेब, एक श्वास उशिरा.

"तेका हाऊस मेळवन दी रे महाराजा! कॅलिफोर्नियात टपालान येणारी मतां वाटेत खय अडाकली आसली, तर ती मोकळी कर रे महाराजा!"

"व्हय मराजा!" आता साहेब सगळ्यांच्या आधी.

"आणि तसा झाला, तर माज्या रजेवर हो सही करतलो, असो नवस बोलता हा रे महाराजा!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना इंग्रजीत समजावलं की नवस म्हणजे देवाशी केलेला करार, आणि हा देव वकील ठेवत नाही. "व्हय," ते म्हणाले, तेही हलक्या आवाजात.

उजवी पाकळी पडेना. दहा मिनिटं, वीस, चाळीस. साहेबांच्या घामाने बुटात तळं साचलं. मग ती एकदम सुटली आणि टपकन पडली. उजवी! साहेबांनी मला उचलून गोल फिरवलं. या वयात.

चार वाजता मॅडम वही घेऊन आल्या. "या पद्धतीत चूक किती टक्के धरायची?"

"देव टक्क्यात बोलणा नाय, मॅडम."

त्यांनी ते लिहून घेतलं. सिनेट मागितलं, नवस बोलल्या, आणि त्यांची उजवी पाकळी तीन मिनिटांत पडली. त्या दोघांना एकमेकांच्या नवसाचा पत्ताच नव्हता.

बुधवारी सकाळी निकाल यायला लागले. लाट आलीच नाही, नुसतं पाणी हललं. दोन्ही सभागृहं लटकलेली. रिमोटला कुणी हात लावेना.

रविवारी पहाटे नेवाडाचा निकाल आला आणि सिनेट मॅडमकडे राहिलं. त्या नाचत आल्या, अक्षरशः नाचत, आणि फॉर्मवर सही ठोकली. साहेबांनी ती सही पाहिली. हात फॉर्मकडे गेला, तुकारामाने डोळे मिटले. पण साहेबांना चाळीस मिनिटांची ती पाकळी आठवली असावी. "माझं हाऊस अजून आलेलं नाही," एवढंच म्हणून ते आत गेले.

मग सुरू झाली मोजणी. बहुमताला हव्यात दोनशे अठरा जागा. सोमवारी साहेबांनी ओठ चावले. मंगळवारी, बुधवारी दोनशे सतरावर गाडी अडकली ती अडकलीच. कॅलिफोर्नियावाले टपालाची पाकिटं एकेक करून उघडत होते, आणि इथे तुकाराम बॅग भरत होता, उपसत होता, पुन्हा भरत होता. आमचा एक मेकॅनिक जवळच्या जिदहफ्स भागात छतावर चढून एसी दुरुस्त करताना खाली ओरडायचा, "किती?" आणि खालून उत्तर जायचं, "सतराच!" आसपासचे लोक समजले, हा दिवसाचा पारा.

का इतका वेळ लागला म्हणता? मी काय सांगितलं, पाकळीला चाळीस मिनिटं लागली होती.

गुरुवारी सकाळी साहेब आले ते दारातूनच ओरडत, "दोनशे अठरा! व्हय मराजा!" मॅडमच्या सहीशेजारी त्यांनी तिच्या दुप्पट आकाराची सही केली. मॅडम चिडल्या, पण फाडणार कसा? देवाचा कागद झाला होता तो. तुकाराम तो फॉर्म छातीशी धरून रडला आणि हसला, आणि दोन्ही एकदम करताना त्याला उचकी लागली.

जाताना मालकांनी एकेक नारळ दिला. बाजारातून आणलेले, केरळातून बहरीनला आलेले नारळ आता कोकणात निघाले. एकावर हत्ती काढलेला, दुसऱ्यावर गाढव.

जत्रेच्या रविवारी ऑफिस चालूच होतं. तुकारामाचा व्हिडिओ कॉल आला, तो मी रेकॉर्डवर टाकला. नवं धोतर, कपाळाला गंध, मागे ढोल. एवढा ताठ मी त्याला ड्रायव्हरच्या सीटवर कधी पाहिला नव्हता. त्याने गाऱ्हाणं घातलं, त्यात ओहायो, नेवाडा, कॅलिफोर्निया सगळं घेतलं, आणि अख्खं गाव काहीएक न समजता गरजलं, "व्हय महाराजा!" मग त्याने दोन हातांत दोन नारळ घेतले आणि एकाच पाषाणावर एकदम आपटले. पाणी एकत्र वाहिलं.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी. साहेब नाक पुसत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता मिठी मारतात.

"माझा आधी फुटला," साहेब म्हणाले.

"अजिबात नाही. गाढव आधी."

"पुन्हा लाव! मला फेरमोजणी हवी!"

दोघं फोनवर डोकी आपटत व्हिडिओ मागे-पुढे करू लागले. रिमोट दोन्हीही टेबलावर बेवारस. मी हळूच पारा चोवीसवर आणला.

मागून कुणीतरी बाही ओढली. मैत्री. हातात तिचा स्वतःचा रजेचा फॉर्म, डिसेंबरचा, कोरा.

"नाना," ती अगदी हळू म्हणाली, "जॉर्जियात सिनेटच्या एका जागेसाठी सहा तारखेला फेरमतदान आहे. तुकारामकाका तो दगड गावाला घेऊन गेलेत, की इथेच आहे?"