ओव्या मी खाल्ल्या नाहीत

मित्रांनो, मला मोडेम म्हणत. मी आता जुना झालो आहे. अकोल्यातल्या ललितभाऊंच्या टंकलेखनाच्या दुकानात, कपाटाच्या तळाशी पडून असतो. माझे लाल दिवे तुम्ही पाहिले नसतील.

इंटरनेटची जोडणी तेव्हा महाग होती. म्हणून ललितभाऊंनी मला आणले. मी टेलिफोनच्या तारेवरून अमरावतीच्या छापखान्यातल्या माझ्या भावंडाला सरळ हाक मारायचो आणि मजकूर त्याच्या ओंजळीत घालायचो. आधी खरखर, मग शीळ. लोक कामे टाकून ऐकायला थांबत. ललितभाऊ मला पदराआडच्या दिव्यासारखे जपत.

एकदा तेल्हाऱ्याच्या मनकर्णाकाकू आल्या. त्यांची आई वारली होती. तिच्या जात्यावरच्या ओव्या त्यांना छापायच्या होत्या, लेकीच्या, प्रणालीच्या लग्नात बायाबायांच्या हातात द्यायला. लग्न तोंडावर आले होते.

जात्याच्या भोवती सांडे पहाटेचं पीठ
माय म्हणे लेकी, सासरी नांद नीट

ललितभाऊंनी ओव्या टंकून झाल्यावर काकूंनी माझ्यावर हात ठेवला. "माह्या मायचा आवाज हाये त्याच्यात. जपून नेजो रे बावा."

मी जपून नेला. एक मात्राही वाटेत गळू दिली नाही.

थोड्या वेळाने छापखान्याचे खुशालराव फोनवर हसत होते, "ओव्या पाठवल्या का शिव्या, लेका? इथं नुस्ते कंस अन् आकडे दिसून राहिले."

त्या काळी मराठी मजकुरासोबत त्याचा फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा साचा, वेगळा पाठवावा लागे. ललितभाऊ तो पाठवायला विसरले होते. त्यांनी संगणकात पाहिले, चूक ओळखली, कानापर्यंत लाल झाले. मी समोरच होतो. मग ते काकूंकडे वळले.

"काकू, मी तं बरोबर पाठवलं होतं. या डब्ब्यानंच खाल्लं."

काकू मला रागावल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "तुह्यावर भरोसा केला होता ना मी," एवढेच म्हणाल्या. मला तोंड असते तर!

ललितभाऊंनी मजकूर आणि फॉन्ट फ्लॉपीवर भरले आणि स्वतः एसटीने अमरावतीला गेले. पुस्तक वेळेत निघाले. काकूंनी दुकानात पेढे वाटले, ललितभाऊंना दोन दिले. माझी तार मात्र त्याच दिवशी काढली गेली.

परवा ललितभाऊंच्या मुलीला, आचलला, मी कपाटात सापडलो. तिने हे काय म्हणून विचारले. केस पिकले तरी ललितभाऊंनी तेच सांगितले, "बेइमान हाये तो. ओव्या खाल्ल्या होत्या यानं." दोघे हसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ नाही पुसली तरी चालेल. पण आपली चूक मुक्याच्या माथी मारू नका. तो मरेपर्यंत ती वाहत राहतो.

मनकर्णाकाकू अजून तेल्हाऱ्यात आहेत म्हणे. तिकडे कधी गेलात, तर त्यांना एवढे सांगाल का, की तुमच्या मायचा आवाज त्याने पोचवला होता?