सोळावी पायरी

चिमणीने गाडी पार्किंगच्या इमारतीत पार चौथ्या मजल्यावर नेऊन लावली, हँडब्रेक खेचला आणि जाहीर केलं, "वहिनी, आता समुद्र आला तरी चालेल."

"येऊ दे बाई एकदाचा," वहिनी म्हणाली. "आज नाही आला तर मी त्याच्याशी कायमची कट्टी घेणार आहे."

नणंद-भावजयांचं कधी पटत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोघींना एकदा बघावं. चिमणी आपली नावाची चिमणी. एरवी ती शाळेची बस चालवते, आणि आरशात बघून नुसतं "खाली बसा" म्हणाली की पन्नास पोरं गपकन खाली बसतात. वहिनी लग्नांचं शूटिंग करते. आणि वादळ किनाऱ्याला लागणार अशी बातमी आली रे आली की दोघी कॅमेरे, दोरखंड आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन निघतात. सगळं गाव वादळापासून लांब पळत असतं आणि या दोघी उलट्या दिशेने, रिकाम्या रस्त्यावरून, गाणी म्हणत. घरचे आधी कपाळाला हात लावायचे. आता निमूटपणे डबा भरून देतात. इंटरनेटवर त्यांना बघणारे हजारो लोकसुद्धा तिला वहिनीच म्हणतात, त्यामुळे आपणही तेच म्हणू.

पण आजचं वादळ निराळं होतं. आजचं वादळ बाबांच्या जिन्यावर येणार होतं.

बाबा म्हणजे वहिनीचे वडील. बावीस वर्षांचे असताना ते याच बंदरात कारकून म्हणून लागले. काम एकच, समुद्राची भरती किती चढली ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. लागून वर्ष झालं नाही तोच मोठं वादळ आलं. मोजायची पट्टी खांबासकट वाहून गेली. दुसरा कुणी असता तर घरी पळाला असता. बाबा ऑफिसच्या बाहेरच्या दगडी जिन्यावर वही घेऊन बसले. पाणी एक पायरी चढलं की बाबाही एक पायरी वर, आणि वहीत पायरीचा आकडा आणि वेळ. शेवटची नोंद होती, "सोळावी पायरी, एक वाजून दहा." सोळावी म्हणजे थेट ऑफिसचं दार. मग बाबा छपरावर चढले.

पाणी ओसरलं त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली, समुद्र नकाशातसुद्धा दिसणार नाही अशा गावी. दोन वर्षांनी मोठ्या ऑफिसातून पत्र आलं. साहेब स्वतः बंदरावर जाऊन जिना बघून आले होते. "सदर जिन्यास चौदाच पायऱ्या आहेत. खुलासा करावा."

आता याचा खुलासा माणसाने काय करावा? बाबांनी केलाच नाही. त्यांची नोंद लाल शाईने खोडली गेली आणि ऑफिसात त्यांचं नाव पडलं, सोळावी पायरी. चहा आणायला सांगताना लोक म्हणायचे, "नीट मोजून आण हं, दोन जास्त नकोत." ही थट्टा नोकरी संपेपर्यंत पुरली. अजूनही बाबा कुणासमोर काही मोजत नाहीत. सकाळच्या औषधाच्या गोळ्यासुद्धा वहिनीकडून मोजून घेतात. जो माणूस समुद्र मोजायचा, तो तीन गोळ्यांना घाबरतो, हे वहिनीला रोज सकाळी बघवत नसे.

निघताना बाबा दारापर्यंत आले होते. "जाऊ नकोस तिथे. चौदाच आहेत. मी घाबरलो होतो, पोरी. चुकलं माझं मोजायला."

"पण पाणी दारापर्यंत आलं होतं ना?"

"आता तेही नीट आठवत नाही," बाबा म्हणाले आणि आत गेले.

तिथेच वहिनीने ठरवलं. पायऱ्या चौदा तर चौदा. पण पाणी आज त्या दाराला लागलं पाहिजे, आणि ते आपल्या कॅमेऱ्यात आलं पाहिजे. मग बघू कोण दात काढतं!

जिन्याशी पोचल्यावर आधी तिने पायऱ्या मोजल्या. मग चिमणीने मोजल्या. मग दोघींनी मिळून, मोठ्याने, उड्या मारत. चौदा. वहिनीच्या लहानपणी बाबा सांगायचे की पहिल्या पायरीचा डावा कोपरा फुटका आहे आणि त्यात रोज त्यांची चप्पल अडकायची. वहिनीने वाकून बघितलं. पहिली पायरी चांगली धडधाकट होती. डावा कोपरा शाबूत, उजवाही शाबूत.

"बाबांनी हेही..." चिमणी बोलायला गेली.

"एक शब्द बोलू नकोस," वहिनी म्हणाली.

जिन्याच्या वर आता ऑफिस नव्हतं, केस कापायचं सलून होतं. मालक साठीचे, त्यांना सगळे काकाच म्हणत. सगळी वस्ती सकाळीच उंच भागात गेली होती, पण काका हलायला तयार नव्हते. "या तीन खुर्च्या वर चढवायला आठ माणसं लागली होती," ते म्हणाले. "यांना सोडून मी कुठे जाऊ? भिंती दगडी आहेत, वर गच्ची आहे. तुम्ही काय घेणार, चहा?"

खुर्च्या बघून वहिनीचे डोळे चमकले. पायाने दाबलं की वर जाते, ढकललं की गोल फिरते, आणि जड तर इतकी की वाऱ्याच्या बापाला हलायची नाही. कॅमेऱ्याला याहून चांगलं आसन कुठे मिळणार? तिने मोठा कॅमेरा मधल्या खुर्चीवर पट्ट्यांनी बांधला. काकांनी सवयीने त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं आणि विचारलं, "मागून बारीक करू का?" चिमणी हसून हसून जमिनीवर बसली.

अकराला वारा असा काही सुटला की समोरच्या दुकानाची पाटी उडून दुसऱ्या दुकानाला लागली. काका म्हणाले, "बरं झालं, तिथे पाटी नव्हतीच." वहिनीने घरी फोन लावला. नवऱ्याने तो टेबलावर उभा करून बाबांना समोर बसवलं होतं. बाबा बघत होते पण चेहरा कोरा.

तिन्ही कॅमेरे समुद्राकडे लावले होते. बारा वाजले. समुद्र गुरगुरत होता, धक्क्यावर आपटत होता, पण आत काही येईना. वहिनी खिडकीशी उभी राहून नखं खात होती.

"वहिनी," चिमणी मागच्या मोरीतून ओरडली, "समुद्र आलाय!"

"कुठे? मला तर दिसत नाही."

"मागून आलाय! गल्लीतून!"

आता बघा, सात वर्षं वादळांमागे धावणाऱ्या बाईने ही चूक करावी! वादळाची भरती लाटेसारखी वाजतगाजत समोरून येत नाही. समुद्रच फुगतो आणि जिथून वाट मिळेल तिथून शिरतो. इथे तो मागच्या खाडीतून, गटारांतून आणि गल्ल्यांतून चोरासारखा आला होता, आणि तिन्ही कॅमेऱ्यांची त्याच्याकडे पाठ. "फिरवा!" वहिनी किंचाळली. काकांनी खुर्चीला असा झटका दिला की कॅमेरा गर्रकन दीड वेळा फिरला आणि बरोबर जिन्याच्या बाजूच्या खिडकीत येऊन थांबला. तोपर्यंत पहिली पायरी गेली होती.

मग काय वर्णावं! पाण्यावर एक फ्रिज तरंगत आला, त्याच्यामागून प्लॅस्टिकची टेबलं, त्यांच्यामागून एक अख्खं लाकडी फाटक, जणू सगळ्यांना एकाच ठिकाणचं आमंत्रण होतं. दुसरी पायरी गेली. तिसरी गेली. लग्नाच्या सवयीने वहिनी ओरडायला लागली, "या, या, पुढे या! थोडं डावीकडे! छान! मागचे दिसत नाहीयेत!" चिमणीने स्वतःला दाराच्या गजाला दोरखंडाने बांधून घेतलं होतं आणि ती दारातून प्रत्येक पायरीला बसमधल्या आवाजात आकडा पुकारत होती. पाचवी! सहावी! काका टाळ्या वाजवत होते. भीती वाटत नव्हती का? वाटत होती की. पण ती भीतीसुद्धा नाचत होती.

"सातवी!" चिमणी गरजली. "बारा बावन्न!"

फोनमध्ये बाबा पहिल्यांदा काहीतरी म्हणाले. वाऱ्यात ऐकू आलं नाही. आणि फोनची लाइनच गेली.

आठवी. मग बऱ्याच वेळाने नववी.

आणि तिथे पाणी थांबलं. वहिनीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "चढ!" ती पाण्याला म्हणाली. "अरे, अजून पाचच आहेत, चढ ना!" पाणी नवव्या पायरीशी चुळूकचुळूक करत राहिलं. दहा मिनिटं. वीस मिनिटं. मग आठवी ओली, रिकामी दिसायला लागली.

"उतरतंय," चिमणी हळूच म्हणाली.

वहिनी मटकन खुर्चीत बसली. सगळ्यांची घरं वाचावीत म्हणून लोक हात जोडत असतात आणि आपण पाणी वाढावं म्हणून ओरडत होतो, याची तिला एकदम लाज वाटली. आणि लाज वाटूनही वाईट वाटायचं थांबेना. तिला रडू आलं. नववी पायरी घेऊन ती बाबांना काय तोंड दाखवणार होती? काकांनी तिच्याही गळ्याभोवती कापड गुंडाळलं, तेवढंच त्यांना सुचलं.

उतरणाऱ्या पाण्याला मात्र भलतीच घाई होती. आलं होतं चोरपावलांनी, पण जाताना गल्लीतून असं खळाळत सुटलं की भिंतीच्या कडेकडेने रस्त्याचं डांबर पापुद्र्यासारखं उचललं गेलं. डांबराखालचे दगडगोटे घेऊन ते समुद्राकडे पळालं. चिमणी वरून कॅमेरा धरून हे सगळं टिपत होती, कारण तुटणारा रस्ता लोकांना फार आवडतो. दोनच्या सुमारास वारा पडला, आभाळ फिकट झालं, आणि जिन्याखाली नुसता चिखलाचा खड्डा उरला.

"वहिनी," चिमणी म्हणाली. तिचा बसमधला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "जिना संपत नाहीये."

"म्हणजे?"

"खाली अजून आहे."

वहिनी गळ्यातल्या कापडासकट उठली. पाहते तर काय, सकाळच्या पहिल्या पायरीखाली, फाटलेल्या रस्त्याच्या पोटात, आणखी एक पायरी. आणि तिच्याखाली आणखी एक.

काकांनी स्वतःच्या कपाळावर फाडकन हात मारून घेतला. "अहो, रस्ता उचलला होता! मोठ्या पुरानंतर! माझे वडील सांगायचे, पुन्हा पाणी शिरू नये म्हणून फूट-सव्वा फूट भर टाकली. तीस वर्षं मी रोज हा जिना चढतोय आणि माझ्या डोक्यात नाही आलं!"

वहिनी बाकीचं ऐकायला थांबली नाही. ती खाली पळाली, एकदा घसरली, चिखलात गुडघ्यापर्यंत गेली आणि हातांनीच सगळ्यात खालची पायरी पुसायला लागली. उजवा कोपरा शाबूत. तिने डावीकडे हात नेला. कोपरा नव्हताच. तिथे बरोबर एका चपलेएवढी खोबण होती.

ती इतक्या जोरात ओरडली की चिमणीला वाटलं साप चावला.

फोन तीन वेळा लागला नाही, चौथ्यांदा लागला. नवऱ्याने उचलला. "अगं, बऱ्या आहात ना दोघी?"

"बाबांना द्या! आधी बाबांना द्या!"

बाबांचा चेहरा पडद्यावर आला. वहिनीने काही सांगितलंच नाही. तिने फोन पायऱ्यांकडे धरला, खालच्या पायरीवर पाय ठेवला आणि मोजायला लागली. "एक." तिचा आवाज चिरकत होता. "दोन." तिसरीपासून चिमणीने वरून आवाज मिसळला, सातवीपासून काकांनी. तेराव्या पायरीवर वहिनीला हसू आवरेना, चौदाव्या पायरीवर रडू. "पंधरा," ती म्हणाली, आणि सलूनच्या दारात उभी राहिली. "सोळा! बाबा, सोळा!"

पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, ते रडतायत."

"मी रडत नाहीये," बाबा मागून म्हणाले, चांगले खणखणीत. ते पडद्याच्या इतके जवळ आले की नुसतं नाक आणि चष्मा दिसायला लागला. "परत मोज."

वहिनी खाली धावली. तिच्यामागे चिमणी, चिमणीमागे हातात कंगवा घेऊन काका. तिघं चिखलात उभे राहिले.

"डावा कोपरा सांभाळून," बाबा म्हणाले. "तिथे चप्पल अडकते. हां, चला. माझ्याबरोबर. एक..."