समोरच्या दाराला थेंब नाही

मी बोलतोय खरा, पण तुमची करमणूक करायला नव्हे. आधी तो हात मागे घ्या! तांब्याचा गडू दिसला की बोट फिरवायची भारी खोड असते माणसांना. बोट फिरवतात, "गंगा का हो?" म्हणून विचारतात आणि तोच हात कपाळाला लावून मोकळे होतात. मला कसं वाटतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

पनवेलच्या बाजारात तांब्यापितळेच्या दुकानात मी पहिल्यांदा डोळे उघडले. ठोकून ठोकून मला घडवलं होतं, त्यामुळे स्वभाव जरा कडकच. एके दिवशी सुकापूरच्या मालूबाई आल्या. जन्म मिठागरात गेलेला, पायांच्या टाचा फाटलेल्या, आवाज असा की शेजारच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाने वळून बघावं. त्यांनी मला उचललं, बुडाला टिचक्या मारल्या.

"पानी गलत नाय ना याच्यातून? मी याच्यात गंगा आननार हाय. थेट गंगोत्रीची."

"आजी, तुमच्या नातवाच्या नातवाला पुरेल," दुकानदार म्हणाला. दुकानदारांचं काय जातंय म्हणायला.

बाईंना गंगा कशाला हवी होती, हे मला गाडीत कळलं. यात्रेच्या बसमध्ये त्यांनी ही कथा ऋषिकेशपासून उत्तरकाशीपर्यंत जो भेटेल त्याला ऐकवली. पुण्य, मोक्ष असलं काही नव्हतं त्यात. निव्वळ राग होता.

त्यांचे यजमान जगन आणि धाकटा दीर काशिराम, दोघे सख्खे भाऊ. सासूबाई फार वर्षांपूर्वी काशीला जाऊन आल्या होत्या, आणि त्यांनी आणलेला गंगेचा बंद गडू वाटणीत काशिरामकडे गेला. जगन शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा मालूबाई धावत दिराच्या दारात गेल्या. माणसाच्या तोंडात जाताना गंगेचे दोन थेंब पडावेत, एवढंच मागत होत्या. काशिराम दार अडवून उभा राहिला. मान खाली घालून एकच वाक्य बोलला, "गडू मिलनार नाय." जगन नळाच्या पाण्यावर गेला. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं बंद, देणंघेणं बंद, हळदीकुंकूसुद्धा बंद.

पुढे गावची जमीन बिल्डरकडे गेली आणि जुन्या घरांच्या जागी इमारत उभी राहिली. दोघांनाही एकाच मजल्यावर फ्लॅट मिळाले, समोरासमोर दारं. झाली की पंचाईत! रोज सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना एकमेकांची तोंडं बघायची. मालूबाई काशिरामला बघून दार असं आपटायच्या की देव्हाऱ्यातली घंटा हलायची.

तर अशा बाईबरोबर मी हिमालयात गेलो. तुम्हाला वाटेल, केवढं भाग्य! बर्फाची शिखरं वगैरे. मी बघितली ती पिशवीच्या चेनीतून. गंगोत्रीला पाणी गढूळ, राखेच्या रंगाचं आणि थंड म्हणजे काय सांगू, तांबं आक्रसलं माझं. पाय बधिर होईपर्यंत बाई पाण्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला गळ्यापर्यंत बुडवलं. खरं सांगतो, तेवढा एक क्षण मला आवडला. नदी आत शिरली तेव्हा मी कुणाचाच नव्हतो.

पण बाई काय म्हणाल्या तेव्हा? आजूबाजूची माणसं हात जोडून सुख मागत होती. आमच्या बाई पुटपुटल्या, "गंगामाय, आता माज्या घरात तू हायस. काशिराम मरंल तवा त्याच्या बायकोला माज्या दारात येऊ दे."

उत्तरकाशीच्या बाजारात एकाने कथील वितळवून माझ्या झाकणाला डाख दिला. सांध्यांना, बुडाशीही कथलाचा एकेक हात फिरवला. तोंड बंद. आत अंधार आणि ते राखाडी पाणी.

घरी आल्यावर मावंदं झालं. यात्रेहून आलेल्याने गंगा पुजायची, गावजेवण घालायचं, त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. वाटायला वेगळा कॅन आणला होता. मला फक्त पुजायचं होतं, मी शेवटच्या वेळेसाठी राखीव. इमारतीखाली मंडप पडला, भावकी जेवली, सुकापूर जेवलं, मुलगा केतनचे ऑफिसातले मित्र आले, सून स्नेहलचं माहेर खांदा कॉलनीहून आलं. निमंत्रण नव्हतं ते एकाच दाराला. पंगत बसलेली असताना बाईंनी मला दोन्ही हातांनी उंच धरलं.

"ही गंगा कोनाच्याबी घरी लागली तरी माज्याकडं या. जात बगनार नाय, नातं बगनार नाय. सगल्यांना देईन. फक्त समोरच्या दाराला थेंब नाय!"

माणसं काय करतात अशा वेळी? मान डोलावली आणि आणखी वरण मागितलं.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. बाईंच्या डोक्यात एकच, आपला गडू झळकला पाहिजे. काशिरामचं दार उघडं असलं की मला मुद्दाम बाहेर आणायच्या आणि उंबऱ्यात बसून घासायच्या. चिंच, मीठ, राख. पुन्हा चिंच. अहो, माझं काय चुकलं होतं? मिठागरात कमावलेली ताकद सगळी माझ्या बुडावर! स्नेहल म्हणायची, "आई, रोज कशाला? खराब होईल तो." तर उत्तर ठरलेलं, "तुला काय कलतंय? दिसू दे त्या माणसाला."

तो माणूस बघायचा. एकदा तर थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, "वयनी..." बाईंनी माझ्यावर तांब्यातलं पाणी असं ओतलं की त्याचे पाय भिजले. तो आत गेला.

मध्यंतरी माझ्याखालचं लाल कापड ओलं राहायला लागलं. स्नेहलला वाटायचं, तीर्थ सांडलं असेल. ती कापड बदलायची. थेंबाथेंबाने हलका होत गेलो ते बाईंच्या हाताला कळलं नाही, आणि मला उलटं करून कुणी बघितलं नाही. देवाची वस्तू म्हणजे हळदकुंकू लावून विसरायची वस्तू, हे मी एव्हाना ओळखून होतो.

गेल्या उन्हाळ्यात काशिराम अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. एका दुपारी बेल वाजली. दारात त्याची बायको चांगुणा, हातात रिकामी वाटी. या दोघी जावा एकेकाळी डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन एकाच बांधावरून चालायच्या.

"बाय, त्यांची येल भरली. दोन थेंब दे."

मालूबाईंचा चेहरा मी कधी एवढा खुललेला पाहिला नव्हता. गंगोत्रीलासुद्धा नाही.

"तुमच्या घरात हाय की सासूबायचा गडू! फोड की तो!"

"त्याच्यात पानी नाय, बाय. तवाबी नव्हतं."

"काय?"

"जगनभावजींच्या टायमाला यांनी गडू उचलला, तर आतून आवाजच नाय. कवाचा सुकलेला. सासूबायच्या मावंद्याला आख्खा गाव जेवलेला, सगले तिच्या पाया परलेले. आयच्या गंगेत पानी नाय, असं सांगायचं कसं? लाजेनं गप ऱ्हायले. शिव्या खाल्ल्या, पन आयचं नाव जाऊ दिलं नाय."

"खोटं! आज गरज लागली तवा सुचलं व्हय?"

"येऊन बग. हलवून बग, बाय. कानाला लावून हलवून बग."

"तुज्या उंबऱ्यात मी पाय ठेवनार नाय."

स्नेहल मध्ये पडली. "आई, प्लीज. मरणाच्या दारात आहेत ते. द्या ना!"

"तू गप. तुजा नवरा नव्हता तो तहानलेला गेला."

चांगुणा मग वाटी पदराखाली घेऊन वळली. दिवेलागणीच्या आत काशिराम गेला. समोरून रडण्याचा आवाज आला, तेव्हा बाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. मला संताप आला, पण गडूचा संताप तो किती? तोंडाला कथील.

मात्र चांगुणाचे शब्द बाईंच्या कानात राहिले होते. काही दिवसांनी घरात कुणी नसताना त्यांनी मला खाली घेतलं. चिंच नाही, राख नाही. इकडेतिकडे बघितलं, मला कानाला लावलं आणि हलवलं.

आवाज नाही.

पुन्हा हलवलं, जोरात. मग उलटं करून खिडकीशी नेलं. माझ्या बुडाच्या सांध्यावरचा डाख घासून घासून गेला होता, आणि तिथे एक बारीक भोक होतं, सुईच्या टोकाएवढं. तेवढ्यातून गंगोत्री कधीच लाल कापडात उतरून गेली होती, आणि तिथून वॉशिंग मशीनमध्ये.

बाई फरशीवर बसल्या. "भावजी," एवढंच म्हणाल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. मला वाटलं, आता तरी ही बाई उठेल, समोरची बेल वाजवेल, चांगुणाच्या गळ्यात पडेल. उठल्या. बुडाच्या भोकाला मेण लावलं, वरून हळद फासली आणि मला जागेवर ठेवून दिलं. खाली कोरडं कापड घातलं.

आणि आता आजची गोष्ट. सकाळी खांदा कॉलनीतून फोन आला. स्नेहलचे पप्पा आजारी होतेच, आता काही तासांचेच सोबती. ती धावत देव्हाऱ्याकडे आली, हात माझ्यापर्यंत पोचला होता. बाईंनी मधे येऊन मला पाठीआड केलं.

"आई, सरका ना. पप्पांना गंगा द्यायचीय."

बाईंनी देव्हाऱ्याची कड घट्ट धरली.

"आई! सगळ्यांना देईन म्हणाला होतात. सगळ्यांसमोर म्हणाला होतात. माझे पप्पा होते त्या पंगतीत!"

घराचं दार उघडं होतं. समोरच्या दारात चांगुणा येऊन उभी होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"गडू मिलनार नाय."

स्नेहलने सासूकडे जे बघितलं, ते बघणं मी ओळखतो. बसमध्ये ऋषिकेशपासून उत्तरकाशीपर्यंत त्याच रागाची कथा ऐकली होती मी. ती चप्पल न घालताच लिफ्टकडे पळाली. चांगुणाला सगळं कळलं. तिने हळूच आपलं दार लावून घेतलं.

मी देव्हाऱ्यात आहे, लखलखीत, हळदकुंकू लावलेला. बाई माझ्यासमोर हात जोडून बसल्यात. मला नको तुमचे जोडलेले हात, मालूबाई! लिफ्ट आत्ताच खाली गेलीय, पोरगी रिक्षा शोधत गेटवर उभी असेल. मला घेऊन खाली जा. तिच्या कानाला लावा आणि एकदा हलवा.