शेवटची ओळ

मुकुल सरांच्या शिबिरात चपला बाहेर काढाव्या लागत, मोबाइल टोपलीत टाकावा लागे आणि आत गेल्यावर नमस्काराऐवजी ‘मी मोकळा’, ‘मी मोकळी’ असं एकमेकांना म्हणावं लागे. देवळात निदान घंटा तरी वाजवायला मिळते! माजिवड्याच्या मोटारींच्या शोरूमवर असलेल्या त्या एसी हॉलमध्ये रसिका आज दुसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा आली ती मोकळी व्हायला. आज ती मुकुल सरांना बांधायला आली होती.

डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये ती बावीस वर्षं रक्त काढत होती. समोरचा कितीही बोंबलला तरी तिच्या हातातली सुई हलत नसे. असं माणूस रागावलं की आरडाओरडा करत नाही. शीर सापडेपर्यंत थांबतं.

दीड वर्षापूर्वी मैत्रिणीच्या नादाने ती इथे आली, तेव्हा सरांनी सगळ्यांना कागद वाटले होते. ज्याच्यावर राग आहे त्याला पत्र लिहा, कोणी वाचणार नाही, उद्या सकाळी घमेल्यात कापूर घालून जाळू, असं सांगितलं होतं. रसिकाने आईला लिहिलं. विमलाबाईंना. ती अकरा वर्षांची असताना धाकटा भाऊ आजारीच जन्मला आणि आईने तिला निळी ट्रंक देऊन मुरबाडला मामाकडे धाडलं. दोन वर्षं. दिवाळीलाही आई आली नाही, उटणं मामीने लावलं. चार पानं भरली आणि मग अगदी खाली, आपसूक, एक ओळ उतरली: ‘आई, तुझेही हाल झाले असतील गं. मी तुला माफ केलं.’ खोटं कशाला बोला, त्या दिवशी तिला खरंच हलकं वाटलं होतं.

पत्रांची पेटी रात्रभर सरांच्या खोलीत होती. दोन महिन्यांनी सरांचा एक व्हिडिओ आला. मागे बासरी, पुढे सरांचा ओला आवाज: ‘एक ताई होती. तिच्या आईने तिला निळी ट्रंक दिली…’ ट्रंक, मुरबाड, उटणं, सगळं होतं. शेवटची ओळ तेवढी नव्हती. मोबाइल सरकवताना माफीवर कोण थांबतं? लोक रागावर थांबतात.

कल्याणला विमलाबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. खाली शेकडो जणांनी लिहिलं होतं, असल्या बाईला आई म्हणू नये. विमलाबाईंनी चष्मा लावून एकेक वाचलं. मग लेकीला फोन केला.

“हे तू लोकांना सांगितलंस?”

रसिका धावत कल्याणला गेली. पत्राच्या शेवटी काय लिहिलं होतं ते सांगू लागली. आईने हात वर करून तिला थांबवलं. “आता तेही त्या सरांनी शिकवलंय म्हणून म्हणतेस.” त्यानंतर विमलाबाई सात महिने जगल्या. लेकीशी एक अक्षर बोलल्या नाहीत. हॉस्पिटलात रसिका पलंगाजवळ गेली की त्या भिंतीकडे तोंड करत. तशाच गेल्या.

रसिकाने सरांना लिहिलं होतं. त्यांच्या ऑफिसातून उत्तर आलं, ‘ताई, तुमच्या वेदनेने कितीजणी बऱ्या झाल्या! हा रागही सोडून द्या.’ खाली दोन जोडलेले हात.

आज शिबिराचा शेवटचा विधी होता, खुर्चीचा. जो दोषी, त्याच्या जागी कोणीतरी खुर्चीत बसायचं. त्याचं मनगट खुर्चीच्या हाताला केशरी लोकरीने बांधायचं. बसलेल्याने बोलायचं नाही, उठायचं नाही. बोलणाऱ्याने तीनदा ‘माफ केलं’ म्हणून आपल्या हाताने गाठ सोडायची. दुसऱ्या कोणी सोडली तर सगळ्या बॅचची एनर्जी तुटते. हे सगळं सरांनीच ठरवलेलं.

“अरे, आपली जुनी ताई आलीये!” सर माइकवर म्हणाले. चेहरा ओळखला होता, पत्र नव्हतं ओळखलं. “या ताई. कोणाला बसवायचं?”

“आईला. तुम्ही बसाल तिच्या जागी?”

सर हसत बसले. तिने लोकर बांधली, रोज दंडाला पट्टा बांधायची तशी घट्ट. मग माइक घेतला.

“ही माझी आई नाही. हे मुकुल सर. जाळणार म्हणून सांगून यांनी माझं पत्र वाचलं आणि जगाला ऐकवलं.” ट्रंकेपासून भिंतीपर्यंत सगळं तिने सांगितलं, आवाज न चढवता. काल रात्री समोरच्या साठ माणसांनीही त्याच पेटीत पत्रं टाकली होती. सरांनी एकदा तोंड उघडलं, तर मागून एक आजोबा कडाडले, “खुर्चीतल्याने बोलायचं नाही!”

सांगून झालं. सगळे थांबले. आता तीनदा म्हणायचं होतं.

रसिकाने माइक खाली ठेवला आणि पर्स उचलली.

सरांनी मोकळ्या हाताने गाठ ओढून पाहिली. “सर, नका ना!” पहिल्या रांगेतली एक मुलगी रडत ओरडली. “आमचं सगळं वाया जाईल!” सरांचा हात थांबला.

“ताई,” ते कुजबुजले, “म्हणा ना. प्लीज. एकदा म्हणा.”

ती वाकली, त्यांच्या कानाशी.

“ती ओळ माझ्या आईपर्यंत पोचली नाही सर. तुमच्यापर्यंतही नाही पोचणार.”

आणि बाहेर येऊन तिने शांतपणे चपला घातल्या.