वळणावरचा ढांग्या

आमच्या कॉलेजच्या रिले संघाची मी कोच. तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको.

ढांग्या माझा तिसऱ्या नंबरचा धावक. वळणावर असा पळतो की बघत राहावं. मध्यंतरी एका हॉटेलबाहेर मारामारी झाली, एका माणसाचा जबडा मोडला, आणि पोलिसांनी ज्यांना धरलं त्यांत हाही होता. "मी सोडवायला गेलो होतो," म्हणतो. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण गुन्हा दाखल झाला तो झालाच.

प्राचार्य म्हणाले, "निकाल लागेपर्यंत त्याला संघाबाहेर ठेवा."

मी म्हटलं, "सर, आरोप झाला म्हणजे शिक्षाही झाली का? मग कोर्ट हवंय कशाला, लावा की टाळं त्याला."

खूप वेळ डोकं खाल्लं त्यांचं. शेवटी वैतागून म्हणाले, "पळवा. पण उद्या काही झालं तर ते तुमच्या गळ्यात." मी मोठा किल्ला सर केल्यासारखी मैदानावर आले.

रिलेत बॅटन घेणारा मागे बघत नाही. मागून "घे" अशी हाक आली की पळता पळता हात मागे करायचा, बाकी देणाऱ्यावर सोडायचं. ढांग्याकडून बॅटन घेतो बारक्या, आमचा शेवटचा धावक. आजवर डोळे झाकून घेत आलाय. त्या दिवशी हाक आली आणि बारक्यानं मान वळवली. वेग गेला. पुन्हा पळवलं, पुन्हा तेच.

मी त्याला फैलावर घेतलं. "मागे काय भूत दिसतंय का रे?"

"मुद्दाम नाही हो मॅडम," तो रडवेला झाला. "घरी बाबा रोज विचारतात, अजून त्याच्याबरोबरच पळतोस का. मान आपोआप वळते."

ढांग्या तिथेच उभा होता, घाम पुसत. मला त्याची फार दया आली, आणि दया आली की मला उपाय सुचतात.

"नंबर बदलू," मी म्हटलं. "बारक्या तिसरा, ढांग्या शेवटचा. स्पर्धा तोंडावर आलीये, आता रडारड नको."

शेवटच्याला बॅटन कुणाला द्यायचंच नसतं. हे ढांग्याला समजायला वेळ लागला नाही.

"मॅडम, वळण माझं होतं."

"माहीत आहे मला."

"कोर्टात सुटलो, तर परत मिळेल?"

"हो" अगदी ओठांवर होतं. पण ते बाहेर पडण्याआधी मी बारक्याकडे बघितलं. का बघितलं, कोण जाणे. तो बुटाची नाडी बांधत बसला होता, बांधलेलीच.

ढांग्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "चालेल," म्हणाला, आणि शेवटच्या धावकाच्या रेघेकडे चालू लागला. प्राचार्यांशी एवढी भांडलेली मी, पण त्याला मागून हाक मारायला माझी जीभ रेटली नाही.